फुलपाखराच्या पंखाचें सूक्ष्मदर्शकांतून छायाचित्र

लिंबाच्या बागेंत काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके असलेलें फुलपाखरूं सर्वांच्या पाहण्यांत आहे. त्यास धरिलें असतां बोटांस जी भुकटी लागते ती धूळ नव्हे. ते पंखावरील खवले होत. छपरावर कौलें बसवावीं तशा त्यांच्या ओळी एकीवर एक बसलेल्या असतात. एक खवला सुमारें १/१० मिलिमीटर लांब असतो. म्हणून त्याची घडण पाहण्यास सूक्ष्मदर्शक लागतो. तो गांवच्या माध्यमिक शाळेंत बहुधा मिळूं शकतो.

पंख मरून पडलेल्या फुलपाखराचा घ्यावा. चित्रासाठीं जिवंत मारण्याचें कारण नाहीं. तो चिमट्यानें कडेस धरून कांचपट्टीवर सपाट ठेवावा. पाणी घालूं नये. सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश खालून येतो. त्यांत दाट रंगाचा पंख केवळ काळा दिसतो. यास्तव खालचा दिवा बंद करून दुसरा दिवा बाजूनें तिरपा धरावा, व मध्यें पातळ पांढरा कागद ठेवावा, म्हणजे चकाकी मोडते. ४ पटीचें किंवा १० पटीचें भिंग पुरें. ४० पटीचें भिंग पंखास इतकें जवळ येतें कीं बाजूचा प्रकाश आंत शिरत नाहीं.

मोबाईलचा कॅमेरा नेत्रभिंगावर आधार देऊन पक्का बसवावा. १० पटीच्या भिंगांतून एका वेळीं सुमारें १/१०० मिलिमीटर जाडीचाच थर स्पष्ट दिसतो, व पंख तर उंचसखल. तेव्हां बारीक स्क्रू एकाच दिशेनें थोडथोडा फिरवून २०-३० चित्रें घ्यावीं आणि संगणकावर तीं एकत्र करावीं. त्याच भिंगांतून मिलिमीटरच्या पट्टीचेंही एक चित्र घ्यावें. त्यावरून खवल्याचें माप काढतां येतें.

आतां शेतकऱ्यास याचा उपयोग काय, असें कोणी विचारील. या फुलपाखराची अळी लिंबू, संत्रें, मोसंबी यांचीं कोवळीं पानें खाते, आणि रोपवाटिकेंतील लहान रोप पार निष्पर्ण करूं शकते. मादी कोवळ्या पानांवर फिकट पिवळीं, वाटोळीं अंडीं एकएकटीं घालते. उन्हाळ्यांत सुमारें ३ ते ४ दिवसांत अळी निघते, व ती लहानपणीं पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसत असल्यामुळें पुष्कळांच्या नजरेंतून सुटते. मोठी होऊन हिरवी झाली म्हणजे ती दिसते, पण तोंवर पानें गेलेलीं असतात.

वरील रीतीनेंच पानाच्या तुकड्यावरील अंड्याचें व लहान अळीचें चित्र घ्यावें, त्यावर तारीख व बागेचें नांव लिहावें, आणि रोपें राखणाऱ्या गड्यांस दाखवावें. एकदां ओळख पटली म्हणजे नुसत्या डोळ्यांनींही अंडीं सांपडूं लागतात. तीं हातानें वेंचून काढलीं तर लहान रोपवाटिकेंत औषध फवारण्याची वेळ पुष्कळदां येत नाहीं, व रोपांचीं पानें शाबूत राहतात.