स्त्रियांच्या तयार विजारी : मापाचा एक अभ्यास

तयार कपड्यांच्या दुकानात पुरुष ग्राहक येतो, कमरेचा आकडा सांगतो, एक-दोन विजारी घालून पाहतो आणि पैसे चुकते करून निघून जातो. स्त्री ग्राहक आली म्हणजे गल्ल्यावर बसलेल्या माणसास निराळाच अनुभव येतो. सहा-आठ जीन्स घालून पाहण्यासाठी आत जातात आणि तितक्याच बाहेर येतात. एक कमरेला बरोबर बसते, पण मांडीवरून चढत नाही. दुसरी मांडीला ठीक होते, पण कमरेमागे मूठभर पोकळी राहते. तिसरी उभे असता शोभते, पण खाली बसताच मागून उतरते. शेवटी ती बाई काहीच न घेता जाते, अथवा जे घेते ते मनाविरुद्ध घेते. दुकानदार म्हणतो, बायकांचे समाधान होणे कठीण. ती बाई घरी जाऊन म्हणते, माझा बांधाच बेडौल. ही दोन्ही अनुमाने चुकीची आहेत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दोष मापाच्या पद्धतीत आहे, आणि तो नीट समजला म्हणजे व्यापाऱ्याच्या हातचा उपायही सापडतो.

एक आकडा आणि दोन घेर

विजार शरीरावर मुख्यतः दोन घेरांवर बसते. एक कमरेचा व दुसरा नितंबांचा, ज्याला आपले शिंपी 'सीट' म्हणतात. पुरुषांत या दोन घेरांतील अंतर सामान्यतः कमी असते, म्हणून कमरेच्या एका आकड्यावर बरेचसे काम भागते. स्त्रियांत हे अंतर मोठे असते, आणि मुख्य गोष्ट अशी की ते स्त्रीगणिक बदलते. कारखान्याचा तक्ता मात्र एकच अंतर गृहीत धरून चालतो.

हिशेब मांडून पाहू. एका तक्त्यात कमर ७० सेंटीमीटर असता सीट ९४ धरली आहे, म्हणजे अंतर २४. पुढील प्रत्येक क्रमांकास दोन्ही घेर चार-चार सेंटीमीटरांनी वाढतात : ७४ ला ९८, ७८ ला १०२. आता तीन स्त्रिया घ्या. पहिलीची कमर ७० व सीट ९४. तिला पहिला क्रमांक चपखल बसेल. दुसरीची कमर ७०, पण सीट १०२. कमरेप्रमाणे दिलेली विजार तिला वर चढणारच नाही. सीटप्रमाणे तिसरा क्रमांक दिला, तर कमरेस ७८ चा घेर येईल व मागे आठ सेंटीमीटरांची पोकळी राहील. तिसरीची कमर ७८ व सीट ९४. कमरेप्रमाणे दिली तर सीटवर आठ सेंटीमीटर कापड लोंबेल; सीटप्रमाणे दिली तर बटण लागणार नाही. तिघींचेही बांधे अगदी निकोप आहेत. पण तक्ता त्यांतील एकीसाठीच केलेला आहे. उरलेल्या दोघींपुढे दुकानातील सारी फळी रिकामी केली, तरी उपयोग होणार नाही, कारण प्रत्येक क्रमांकात तेच अंतर पुन्हा येते.

आपल्या जुन्या पोशाखांत हा प्रश्न उद्भवत नव्हता. लुगडे नेसणारीच्या अंगाप्रमाणे आकार घेते. सलवारीच्या नेफ्यातील नाडी कमरेचे माप ठरविते आणि आसनाजवळचा सैलपणा बाकीचे सांभाळून घेतो. शिंप्याकडून शिवून घेतलेल्या कपड्यात तर माप अंगाचेच असते. न ताणणाऱ्या जाड कापडाची, अंगाबरोबर जाणारी आणि कोणा अपरिचित स्त्रीसाठी आगाऊ बेतलेली वस्तू पेठेत आली, तेव्हा ही अडचण जन्मास आली.

हा आकडा आला कोठून ?

जेकब डेव्हिस व लेव्ही स्ट्रॉस यांना तांब्याच्या रिव्हेटांनी मजबूत केलेल्या कामकरी विजारीचे एकस्व अमेरिकेत २० मे १८७३ रोजी मिळाले. ही विजार पुरुष मजुरांसाठी होती. त्याच पेढीने खास स्त्रियांसाठी जीन्स बाजारात आणली ती १९३४ साली, म्हणजे साठ वर्षांनंतर. पुरुषांच्या तयार कपड्यांच्या मापांना अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकी गणवेशांमुळे पूर्वीच चालना मिळाली होती. स्त्रियांसाठी असा पाया कोणी घातला नव्हता. प्रत्येक कारखाना आपल्या अंदाजाने क्रमांक देई आणि माल परत येई.

हा तोटा टाळण्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार स्त्रियांची मापे घेतली. रूथ ओब्रायन व विल्यम शेल्टन यांच्या नावे १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात प्रत्येक स्त्रीची ५९ मापे होती. काम मोठे होते, पण त्यात व्यंगही होते. हिशेबात केवळ गोऱ्या स्त्रियांची मापे धरली गेली. एका मापावरून दुसरे माप खात्रीने सांगता येत नाही, हेही त्या अभ्यासातून दिसून आले.

या आधारावर १९५८ मध्ये तेथे स्त्रियांच्या मापांचे प्रमाण ठरले. त्यात उंचीचे तीन प्रकार होते, आणि सीट भरलेली वा सडपातळ असल्यास अधिक-उणे अशी चिन्हेही होती. म्हणजे एक आकडा पुरत नाही, ही गोष्ट शास्त्राला तेव्हाच मान्य होती. व्यापाराला मात्र इतके प्रकार ठेवणे परवडेना. कारखान्यांनी ते प्रमाण पुरते पाळले नाही आणि १९८३ मध्ये ते मागे घेण्यात आले. त्यानंतर ग्राहकाला बरे वाटावे म्हणून मोठ्या घेराच्या कपड्यावर लहान क्रमांक लावण्याची चढाओढ वाढली. आज तेथील आठ क्रमांकाचा कपडा १९५८ मधील सोळा क्रमांकाच्या जवळपास जातो. मीटर सर्वत्र एकच असतो. हा क्रमांक मात्र दुकानागणिक बदलतो. आपल्याकडील अनेक कारखान्यांनी इंग्लंड-अमेरिकेचे तक्ते थोडाफार फेरफार करून घेतले, त्यांबरोबर त्यांतील दोषही आले.

बेतण्यातील मर्म

घेर जुळूनही विजार अंगाला नीट बसत नाही, याचे कारण आसन होय. पुढील कमरपट्टीपासून दोन पायांच्या मधून मागील कमरपट्टीपर्यंत जाणारी जी शिवण, तिची लांबी व वळण यांवर सर्व सुख अवलंबून असते. मागील भाग पुढीलापेक्षा लांब असावा लागतो, कारण त्यास सीटवरून जावयाचे असते. तो आखूड पडला म्हणजे बसताना कमरपट्टी मागून खाली ओढली जाते. आपल्याकडे देवघरात, पंगतीत, शाळेच्या सतरंजीवर मांडी घालून बसण्याची रीत आहे. खुर्चीवर बसण्याच्या हिशेबाने बेतलेली जीन्स येथे हमखास दगा देते.

दुसरे मर्म कमरपट्टीत आहे. सरळ पट्टी हा एक नळा असतो, आणि कमरेपासून सीटपर्यंतचे अंग खाली रुंद होत जाते. त्यावर सरळ पट्टी बसविली म्हणजे तिची वरची कड पाठीमागे उघडी राहते. वळण देऊन कापलेली पट्टी हा दोष घालविते. जीन्सच्या मागे कमरपट्टीखाली जो तिरका जोड असतो, तो नुसत्या शोभेसाठी नसतो. साध्या विजारीत टकांनी जे काम होते ते तेथे या जोडाने होते. त्याचे वळण जितके खोल, तितका कमर व सीट यांतील फरक अधिक सामावतो.

चुण्या कोठे पडतात ते पाहूनही दोष ओळखता येतो. मांडीवर आडव्या चुण्या पडल्या तर तेथे कापड अपुरे आहे. आसनापासून दोन्ही बाजूंस किरणांसारख्या रेषा फुटल्या तर आसन आखूड आहे, किंवा मांडीस जागा नाही. सीटखाली कापड लोंबत असेल तर मागील भाग त्या अंगास जास्त लांब आहे. हे पाहण्याची सवय झाली म्हणजे विक्रेता आठ विजारी आत पाठविण्याऐवजी दोनच, पण योग्य, पाठवू शकेल.

ताणाच्या कापडाचा आधार

१९५८ साली ड्युपाँट कंपनीतील जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने जो ताणणारा धागा तयार केला, त्याने या प्रश्नावर एक पांघरूण घातले. डेनिमच्या आडव्या धाग्यात त्याचे एक-दोन टक्के मिसळले तरी कापड घेरात ताणते व अंगाबरोबर येते. यामुळे पुष्कळ स्त्रियांची सोय झाली, हे मान्य केले पाहिजे. तथापि ताणाने घेराची उणीव काही अंशी भरून निघते. आसनाची चुकीची लांबी त्याने सुधारत नाही आणि कमरेमागची पोकळीही बुजत नाही. शिवाय उष्णतेने व वारंवार धुण्याने हा धागा हळूहळू सैल पडतो. दुकानात चपखल बसलेली विजार काही महिन्यांनी गुडघ्यांवर फुगते ती यामुळेच.

जीन्स शिवून झाल्यावर तिच्यावर धुलाईची प्रक्रिया होते. तीत कापड कमी-अधिक आटते, म्हणून एकाच क्रमांकाचे दोन नगही नेहमी एका मापाचे नसतात. यावरून आलेला माल केवळ चिठ्ठी पाहून फळीवर लावणे किती धोक्याचे आहे, हे ध्यानात येईल.

इतर देशांनी काढलेला मार्ग

जपानच्या प्रमाणात छातीच्या त्याच मापास सीटनुसार चार प्रकारचे बांधे मानले आहेत : सामान्य बांधा, त्याहून चार सेंटीमीटर कमी सीटचा, चार अधिक सीटचा आणि आठ अधिक सीटचा. चीनच्या प्रमाणात छाती व कमर यांतील अंतरावरून चार वर्ग पाडले आहेत. दोहोंतील विचार एकच आहे : घेराबरोबर घेरांतील अंतरही सांगावे. भारतात केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या साहाय्याने राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने भारतीय मापांचा तक्ता करण्याची योजना हाती घेतली. तीत सहा शहरांतील १५ ते ६५ वर्षे वयाच्या २५ हजार स्त्री-पुरुषांची मापे यंत्राने घ्यावयाचे ठरले. आपल्या अंगांचे माप आपल्याच देशात घेतले जावे, ही गोष्ट स्वागतार्ह आहे.

व्यापाऱ्याने काय करावे ?

बांध्याचे तीन प्रकार, क्रमांक सहा आणि उंची तीन, असा माल ठेवावयाचा म्हटले तर एकाच रंगाचे ५४ नग होतात. लहान दुकानदाराचे भांडवल त्यात अडकून पडेल. म्हणून सर्व प्रकार ठेवावेत असा आग्रह कोणी धरणार नाही. परंतु पुढील पाच गोष्टी मध्यम दुकानासही सहज जमण्याजोग्या आहेत.

पहिली, दुकानात मापपट्टी ठेवावी व ग्राहक भगिनीस तिची कमर व सीट स्वतः अथवा स्त्री विक्रेतीकडून मोजण्याची सोय द्यावी. लोकांसमोर आकडा मोठ्याने उच्चारू नये. तो चिठ्ठीवर लिहावा.

दुसरी, माल आल्यावर प्रत्येक क्रमांकाचे दोन-तीन नग सपाट पसरून कमर, आसनाच्या वर सात-आठ सेंटीमीटरांवरील सीट, आणि मागील आसनाची लांबी मोजावी व ती मापे चिठ्ठीवर लिहावीत. आवेष्टित वस्तूंसंबंधीच्या नियमांत २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांना काही नोंदींपासून सूट मिळाली, पण मापाच्या खुणेबरोबर सेंटीमीटर वा मीटरमधील तपशील देण्याची अट राहिली. तेव्हा हे काम व्यवहाराचे तसे कायद्याचेही आहे.

तिसरी, विजार सर्वांत रुंद जागी, म्हणजे सीट व मांडी येथे, बसेल अशी द्यावी आणि कमर नंतर कमी करावी. जीन्सच्या दुहेरी दाबलेल्या शिवणीत माया फारशी नसते, म्हणून ती आत घेता येते, पण बाहेर सोडता येत नाही. कमर आत घेण्यासही मर्यादा असते. फार घेतली तर मागचे खिसे एकमेकांस भिडतात. यासाठी एक चांगला शिंपी दुकानाशी बांधून ठेवावा. तयार मालामुळे ज्यांचे काम कमी झाले, त्या कारागिरांसही यातून काम मिळेल.

चौथी, घालून पाहण्याच्या खोलीत एक स्टूल ठेवावे आणि बसून, वाकून, शक्य तर मांडी घालून पाहण्यास ग्राहकास आवर्जून सांगावे. उभ्याने केलेली परीक्षा अपुरी असते.

पाचवी, न पटून परत आलेल्या नगांची वही ठेवावी. कमरेस सैल, सीटला तंग, आसन आखूड, असे कारण त्यात लिहावे. वर्षाअखेरीस ती वही चाळली म्हणजे आपल्या गावच्या ग्राहकांस कोणता तक्ता जुळतो हे कळेल. बेळगाव, इंदूर वा हैदराबाद येथील दहा दुकानांनी आपल्या वह्या एकत्र केल्या, तर बल्लारी व उल्हासनगर यांसारख्या जीन्स शिवणाऱ्या केंद्रांपुढे ती मागणी आधारासह ठेवता येईल. एकट्या दुकानदाराची तक्रार कारखानदार कानाआड करतो. शेकडो नगांच्या नोंदीकडे त्याला दुर्लक्ष करता येत नाही.

या सर्वांत खर्च थोडा आहे, आणि लाभ दुहेरी आहे. फळीवर पडून राहणारा माल कमी होतो, हा एक. दुसरा लाभ खतावणीत लिहिता येत नाही. रोज दुचाकीवरून नोकरीस जाणारी तरुणी, रुग्णालयात बारा तास उभी राहणारी परिचारिका, महाविद्यालयात जाणारी आपलीच कन्या, यांना विजार ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. ती न बसल्यामुळे आपल्या शरीरात काही उणे आहे अशी समजूत मनात घेऊन यांपैकी कोणीही आपल्या दुकानाची पायरी उतरू नये. तिला इतके सांगितले तरी पुरे की, ताई, हा तक्ता तुमच्या मापाचा नाही. थांबा, तुमच्या मापाचा पाहू.