चेंडू किती लांब गेला, आणि कसा गेला?

क्रीडासप्ताह जवळ आला की आपल्या पटांगणावर फीत आणि थांबते घड्याळ घेऊन आम्ही शिक्षक उभे राहतो. कोण किती सेकंदांत धावला, कोणाची उडी किती मीटर गेली, कोणाचा चेंडू कोठे पडला, हे आकडे नोंदवहीत चढतात आणि त्यावरून कोण खेळाडू व कोण नव्हे हे ठरून जाते. माझीही नोंदवही पुष्कळ वर्षे अशीच होती. आठवीतील एका मुलीचा चेंडू नऊ मीटरांवर पडला, तेव्हा मी तिच्या नावापुढे तो आकडा लिहिला आणि शेजारी ‘फेक कच्ची’ असा शेराही मारला. वर्गातील काही मुले हसली. पुढील आठवड्यापासून खेळाच्या तासाला तिचे डोके दुखू लागले. त्या दुखण्याचे मूळ माझ्या शेऱ्यात होते, हे मला फार उशिरा उमगले.

धावणे, उडी मारणे, लंगडी घालणे, फेकणे, झेलणे, चेंडूला पाय मारणे, फळीने टोलवणे, एका पायावर तोल सांभाळणे यांस मूलभूत हालचाल-कौशल्ये म्हणतात. क्रिकेट काय, खो-खो काय, लगोरी काय, सर्व खेळ याच बाराखडीतून लिहिले जातात. ही कौशल्ये वयाबरोबर आपोआप येतात असा एक समज आहे; तो खरा नाही. ती शिकावी लागतात, आणि शिकण्याची संधी ज्याला मिळाली नाही तो चौदाव्या वर्षीही सहा वर्षांच्या मुलासारखाच फेकतो. अमेरिकेतील व्हर्न सीफेल्ट या अभ्यासकाने १९८० मध्ये असा विचार मांडला की, या कौशल्यांची एक किमान पायरी न गाठलेल्या मुलास पुढील खेळांचे दार जणू बंदच राहते.

ही कौशल्ये तपासण्याच्या रीती दोन. एक फळ पाहणारी: किती लांब, किती वेळात, किती वेळा. दुसरी कृती पाहणारी: शरीर कसे हलले. दुसऱ्या रीतीची एक सुप्रसिद्ध चाचणी डेल उलरिक यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केली व पुढे तिच्या सुधारलेल्या आवृत्त्याही निघाल्या. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत खांद्यावरून चेंडू फेकण्यासाठी चार गोष्टी पाहावयास सांगितल्या आहेत. फेकीच्या तयारीत हात प्रथम खाली येऊन मग मागे जातो काय? कंबर आणि खांदे वळून न फेकणारी बाजू समोर येते काय? फेकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूचा पाय पुढे पडून अंगाचा भार त्यावर जातो काय? आणि चेंडू सुटल्यावर हात छातीवरून तिरपा दुसऱ्या बाजूला उतरतो काय? शिक्षकाने एकदा करून दाखवावयाचे, मुलास एकदा सराव करू द्यावयाचा, नंतर दोन फेकी पाहावयाच्या. दिसले तर एक गुण, न दिसले तर शून्य. एकंदर गुण आठ. यात फितीला जागाच नाही.

तुमच्या वयाला या भेदाचे महत्त्व फार आहे. मुलींची उंची सरासरीने बाराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलांची चौदाव्याच्या सुमारास सर्वांत झपाट्याने वाढते. पण हे सरासरीचे बोलणे. एकाच बाकावरील दोघांपैकी एकाला मिसरूड फुटलेली असते, तर दुसरा अजून पाचवीतला वाटतो. पहिल्याचा चेंडू लांब जातो यात नवल ते काय? त्याचे हात लांब, स्नायू बळकट. फीत अशा वेळी बऱ्याच अंशी वाढच मोजते आणि आपण तिला कौशल्य समजतो. उलट ज्याची कृती निर्दोष आहे, परंतु अंग अजून भरावयाचे आहे, तो मागे पडतो. आणि कित्येकदा त्याच वर्षी मैदान सोडतो.

अनेक देशांतील पाहण्यांत फेकणे-झेलणे या कौशल्यांत मुलगे मुलींच्या पुढे आढळले आहेत. हा अंगचा फरक म्हणून सोडून देण्यापूर्वी आपल्याच गल्लीत संध्याकाळी चेंडू कोणाच्या हाती असतो, एवढे पाहावे.

कृती पाहण्याच्या रीतीलाही मर्यादा आहेत. उलरिक यांची चाचणी मुळात तीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तुमच्यापैकी ज्यांना सर्व गुण मिळतील, त्यांच्यात उत्तम कोण हे ती सांगू शकत नाही. म्हणून किशोरवयात दोन्ही रकाने हवेत, पण निरनिराळे. खेलो इंडियाच्या शालेय चाचणीतील ५० मीटर किंवा ६०० मीटर धाव उपयोगाची आहे. मात्र ती शरीराची क्षमता सांगते, धावण्याची ढब सांगत नाही. शिवाय परीक्षकाचे डोळे फसतात. दोघांनी स्वतंत्र गुण देऊन मग पडताळावे. मोबाइलवर चित्रण करून ते संथ गतीने पाहिल्यास पाय कधी पडला हे स्वच्छ दिसते. आणि कृपा करून साऱ्या वर्गासमोर ही परीक्षा घेऊ नये. या वयात हशाची भीती पायांपर्यंत पोहोचते.

जाता जाता लंगडीचे सांगतो. आपल्यातील पटाईत लंगडीपटूंना मी एकदा दुसऱ्या पायावर लंगडी घालावयास सांगितले. चाचणीच्या दुसऱ्या आवृत्तीत दोन्ही पायांवर सलग तीन-तीन उड्या पाहतात. गडी बाद करण्यात ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, त्यांतील दोघे दुसऱ्याच उडीला कोलमडले!

त्या मुलीची फेक मी वर्षभराने पुन्हा पाहिली, या वेळी फीत न घेता. तिचा हात बरोबर खाली जाऊन मागे येत होता. खांदेही वळत होते. चुकत होता तो पाय: उजव्या हाताने फेकताना उजवाच पाय पुढे पडे, आणि त्यामुळे हातही मध्येच अडखळे. म्हणजे आठांपैकी चार गुण तिच्यापाशी आधीपासूनच होते, आणि मी तिला सरसकट कच्ची ठरविले होते. मी जमिनीवर खडूने डाव्या पावलाची खूण काढली. तिसऱ्या दिवशी पाय आपसूक तेथे पडू लागला. चेंडू पंधरा मीटरांच्या थोडा अलीकडे पडतो. कोणत्याही स्पर्धेत तिला बक्षीस मिळालेले नाही. मधल्या सुट्टीत ती लगोरी खेळते, आणि खडू आता माझ्याकडून मागून नेते, आपल्या धाकट्या बहिणीसाठी.