गोष्टीचा खेळ

आषाढ लागला की रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील होड्या वाळूवर ओढून ठेवतात. त्यांच्यावर झापा पसरल्या जातात, जाळी माळ्यावर चढतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यावरील वर्दळ थांबते. पाऊस असा लागतो की, समोरचे माडही दिसेनासे होतात. अशा दिवसांत मुलांनी खेळावे तरी काय? विटीदांडू बंद, हुतुतू बंद. पत्ते आणि सोंगट्या आहेत. पण त्यांचा डाव तासाभरात आटोपतो, एक जण जिंकतो, उरलेले चिडतात आणि पुन्हा पाने पिसली जातात.

ह्या पाठात ज्या खेळाची ओळख करून द्यावयाची आहे, तो ह्याहून निराळा आहे. तो एका बैठकीत संपत नाही. कधीकधी वर्षभरातही संपत नाही. त्यात कोणी जिंकत नाही व कोणी हरत नाही. त्याला लागतात चार-पाच सवंगडी, एक वही, एक पेन्सिल आणि दैवाचा कौल घेण्यासाठी फाशासारखे काही साधन. बाकी सारा खेळ बोलण्याचा. एक जण सूत्रधार होतो व गोष्ट सांगू लागतो. उरलेल्यांपैकी प्रत्येक जण त्या गोष्टीतील एकेक पात्र होतो. नेहमीच्या गोष्टीत ऐकणारा विचारतो, "मग पुढे काय झाले?" येथे सांगणाराच थांबतो आणि ऐकणाऱ्यांना विचारतो, "मग? आता तुम्ही काय करता?"

ह्या खेळाचे मूळ शोधू गेल्यास आपण युद्धाच्या पटापाशी पोहोचतो. आपल्या देशातील चतुरंग हा असाच एक पट. हत्ती, घोडे, रथ व पायदळ ही सेनेची चार अंगे त्यात होती, आणि त्यापासूनच पुढे बुद्धिबळ जन्मले. युरोपातील प्रशिया देशात १८२४ साली राइसवित्झ नावाच्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने नकाशावर खेळावयाच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात दोन पक्षांच्या मध्ये एक पंच बसे. सेनापतीने आपला हुकूम पंचाला सांगावयाचा व पंचाने फासा टाकून त्याचा परिणाम ठरवावयाचा, अशी ती रीत होती. पुढे असल्या खेळांचा छंद सामान्य नागरिकांनाही जडला. १९७० नंतरच्या एक-दोन वर्षांत अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्ह आर्नेसन ह्यांनी आपल्या मित्रांपुढे एक नवीच कल्पना मांडली. सबंध सैन्य हलविण्याऐवजी प्रत्येक खेळाडूने एकच माणूस व्हावयाचे आणि त्या माणसाच्या नशिबी जे येईल ते आठवड्यामागून आठवडे पुढे चालवावयाचे. गॅरी गायगॅक्स व आर्नेसन ह्या दोघांनी मिळून त्याचे नियम सिद्ध केले आणि १९७४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा ह्या गावातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' ह्या नावाने ते प्रसिद्ध झाले. पहिल्या खेपेला त्याच्या अवघ्या हजार पेट्या काढल्या होत्या. आज तो जगभर खेळला जातो.

त्या खेळात भुयारे असतात व आग ओकणारे पंखांचे अजगर असतात. पण ती तिकडच्या गोष्टींची सामग्री झाली. आपल्याकडे यक्ष, राक्षस, नाग ह्यांची वाण कधी पडली आहे? आणि किल्ले पाहावयाचे तर रायगडच्या किनाऱ्यावरील मुलांना दारातून बाहेर डोकावले तरी पुरे.

थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले म्हणजे समोर दोन बेटे दिसतात. जवळचे उंदेरी आणि त्याच्या पलीकडचे खांदेरी. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी बांधावयास घेतली. मुंबईच्या इंग्रजांना ते रुचले नाही. त्यांनी आपली जहाजे बेटाभोवती आणून उभी केली. बेटावर मायनाक भंडारी आपल्या माणसांनिशी पाय रोवून उभे होते. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजे जागच्या जागी खिळून राहत, आणि मराठ्यांच्या लहान होड्या मात्र वल्ह्यांच्या बळावर रात्री त्यांच्यामधून निसटून बेटावर रसद पोहोचवीत. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी समुद्रावर मोठी चकमकही झाली. तरी खांदेरी मराठ्यांपाशीच राहिली. पुढे जानेवारी १६८० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर आपला तट उभारला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत खांदेरीही आहे. ह्या बेटावर एक नवलाचा दगड आहे. त्यावर लहान दगडाने ठोका मारला तर धातूच्या भांड्यासारखा आवाज निघतो. असा दगड जेथे आहे, तेथे गोष्टीचे बीज बाहेरून आणावे लागत नाही.

समजा, थळच्या एका घराच्या पडवीत चौघे जण खेळावयास बसले आहेत. एक मुलगी सूत्रधार आहे. दुसरी मुलगी तांडेल झाली आहे. होडीचे सुकाणू तिच्या हाती. तिसरा वैदू आहे. चौथा जरा अबोल मुलगा पाथरवट झाला आहे आणि त्याच्या पाथरवटाला दगडांची भाषा कळते. ही शक्ती खऱ्या पाथरवटाला नसते हे त्यालाही ठाऊक आहे, पण गोष्टीत ती चालते. इतिहास कोठे संपतो व कल्पना कोठे सुरू होते, हे सर्वांनी आधीच ठरवून घेतलेले आहे. वेढा खरा, मायनाक भंडारी खरे, भरती-ओहोटी खरी. दगडाची भाषा आणि बेटाखाली राहणारा निळ्या दिव्याचा नाग, ह्या दोन गोष्टी त्यांनी पदरच्या घातल्या आहेत.

प्रत्येकाच्या कागदावर आपापल्या पात्राचे गुण आकड्यांत लिहिलेले असतात: बळ, चपळाई, बुद्धी, धीर वगैरे. मूळ खेळात तीन फासे टाकून त्यांची बेरीज हा आकडा म्हणून घेत. बेरीज ३ पासून १८ पर्यंत येऊ शकते; परंतु तीन्ही फाशांवर सहा पडण्याचा योग २१६ वेळांत सरासरी एकदाच. म्हणून ह्या खेळात महावीर क्वचित जन्मतात. बहुतेक पात्रे तुमच्या-आमच्यासारखीच मध्यम प्रतीची असतात, आणि गंमत त्यांतच आहे. पुढे धाडसाचा प्रसंग आला की वीस बाजूंचा फासा टाकतात. असा फासा जवळ नसला तरी अडत नाही. एक ते वीस आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या करवंटीत घालाव्यात, एक काढावी, वाचावी व लगेच परत टाकावी. परत टाकली नाही तर उरलेल्या एकोणीस चिठ्ठ्यांवरून हुशार मुले पुढचा अंदाज बांधू लागतात.

आता बैठक ऐका.

"कृष्ण एकादशीची संध्याकाळ आहे," सूत्रधार सांगते. "बेटावर दोन दिवसांपुरते धान्य उरले आहे. तुमच्या होडीत आठ पोती तांदूळ आहेत. समोर इंग्रजांचे जहाज नांगरून आहे. काय करता?"

"अमावास्येपर्यंत थांबू," वैदू म्हणतो. "मिट्ट काळोख असेल."

"अरे, अमावास्येला चार दिवस आहेत. धान्य दोनच दिवसांचे!" तांडेल म्हणते. ती बोटांवर हिशेब करते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ अदमासे निघते, हे किनाऱ्यावरची माणसे जाणतात. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे रात्री सव्वाआठला पूर्ण भरती. मध्यरात्र उलटली तर पाणी ओसरेल आणि खडक उघडे पडतील. एकादशीचा चंद्र तर पहाटेकडे उगवतो. "काळोख पडताच निघू," ती म्हणते. "जहाजावरचे लोक जागे असतील, पण खडक तरी पाण्याखाली राहतील."

जहाजावरील पहारेकऱ्याची नजर चुकवावयास सूत्रधार तेराचा आकडा ठरविते. तांडेलाच्या कसबाचे तीन त्यात मिळवावयाचे. म्हणजे चिठ्ठी दहाची किंवा वरची आली की काम झाले. वीसांपैकी अकरा चिठ्ठ्या अनुकूल, नऊ प्रतिकूल. चिठ्ठी निघते ती चाराची.

तोफेचा गोळा होडीच्या काठाला चाटून जातो. भोक पडते, होडी कलते व खडकाकडे ओढली जाऊ लागते. वैदू म्हणतो, "पोती टाकून द्या." तांडेल म्हणते, "पोती टाकायची तर आलो कशाला?" दोघांचे जुंपते. पावसाच्या आवाजावर त्यांचा आवाज चढतो. तेवढ्यात पाथरवट झालेला मुलगा हळूच म्हणतो, "मी पाण्यात उतरतो आणि खडकाला पाठ लावून होडी दूर ढकलतो."

"होडी सुटेल," सूत्रधार म्हणते. "पण तू वाचलास की नाही, ते चिठ्ठी सांगेल. आठ हवेत. तुझ्या बळाचा एक मिळव."

म्हणजे सात किंवा अधिक. वीसांपैकी चौदा चिठ्ठ्या त्याच्या बाजूच्या. सूत्रधार करवंटीत हात घालते, चिठ्ठी काढते व मुठीआड उघडून पाहते. आकडा अद्याप तिच्याखेरीज कोणी पाहिलेला नाही. चिठ्ठीवर तीन आहेत.

येथे क्षणभर थांबू या. आषाढापासून हा मुलगा पाथरवटाला वागवीत आला आहे. पाथरवटाने आतापर्यंत काय केले, ते सारे वहीत लिहिलेले आहे. सूत्रधाराने "तेरा" म्हटले तर कोणाला कळणार? मित्र हिरमुसणार नाही, बैठक आनंदात उठेल. जगात पुष्कळ सूत्रधार असे करतात. ते फासे पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकतात व गोष्टीला शोभेल तो आकडा सांगतात. त्यांचेही म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. आम्ही गोष्ट रंगविण्यासाठी बसलो आहोत, चिठ्ठीचे गुलाम होण्यासाठी नव्हे, असे ते म्हणतात. मला मात्र ते पटत नाही. पाथरवट पाण्यात उतरला तो आपण मरू शकतो हे जाणून. सूत्रधाराने गुपचूप आकडा बदलला तर त्याचे उतरणे नाटकी ठरते, आणि ते त्याच्या अपरोक्ष ठरते, हे अधिक वाईट. शिवाय एकदा बदललेला आकडा दुसऱ्यांदा बदलावयास हात कचरत नाही. पुढच्या वेळी वैदूवर प्रसंग येईल तेव्हा काय करावयाचे? त्याच्यासाठी बदलला नाही तर तो आवडता नाही असा अर्थ होतो.

ह्या मुलीने मूठ उघडली.

कोणी काही बोलले नाही. होडी खडकापासून सुटली, आठही पोती बेटावर पोहोचली, तटावरून माणसे मशाली घेऊन धावत खाली आली. पाथरवट मात्र वर आला नाही. त्या मुलाने आपला कागद नीट चौघडी करून वहीत ठेवला आणि तो उठून घरी गेला. आईने विचारले तेव्हा, काही नाही, म्हणून त्याने जेवावयास घेतले.

खेळातले दुःख खरे नसते असे मोठी माणसे म्हणतात. ते खोटे नाही; परंतु पुस्तकातील आवडते पात्र मेल्यावर ज्याने रात्री पुस्तक मिटून उशीखाली ठेवले आहे, त्याला ते पुरेसे वाटणार नाही. आणि येथे तर पात्राचे शब्द आपणच बोललेलो असतो. झालेले पुसता येत नाही, म्हणून तर पुढच्या आठवड्याची वाट पाहावीशी वाटते. कॅनडा देशात इतिहासाच्या एका प्राध्यापकांनी १९८२ साली सुरू केलेला असा एक खेळ चाळीस वर्षांहून अधिक काळ चालला. त्यातील खेळाडू मोठे झाले, नोकरीसाठी गाव सोडून गेले, नवे आले, काही परतले. गोष्ट तीच राहिली. चाळीस वर्षे राहू द्या. आपल्याकडे शाळा सुरू झाली, कोणी मामाकडे मुंबईला शिकावयास गेला, म्हणजे खेळ मोडावयास निमित्त पुरते. ते टाळावयाचे तर गेलेल्याच्या पात्राला गोष्टीत एखादी जागा द्यावी. वैदू पेणला औषधे आणावयास गेला आहे, असे वहीत लिहून ठेवले की दिवाळीच्या सुट्टीत तो परत येऊ शकतो.

पुढच्या रविवारी तो अबोल मुलगा येईल की नाही, अशी त्या तिघांना शंका होती. तो आला. नवे पात्र घ्यावे लागणार हे त्याला ठाऊक होते. त्याने बेटावरील एक गोलंदाज घेतला. गुणांचे आकडे लिहून झाले. सूत्रधाराने गेल्या बैठकीची हकीगत वहीतून वाचून दाखविली, पाथरवटाच्या ओळीशी ती थोडी अडखळली, पण तिने ती वाचली.

मग त्या मुलाने विचारले, "त्या वाजणाऱ्या दगडावर मी ठोका मारला, तर खाली नागापर्यंत आवाज जाईल का?"

"जाईल बहुधा."

"आणि तिथं पाण्याखाली दुसरं कोणी असलं, ज्याला दगडांची भाषा कळते, तर त्याला ऐकू येईल?"

सूत्रधाराने ह्याचा विचार केलेला नव्हता. तिने त्या आठवड्यासाठी वेगळेच काही योजून ठेवले होते. ते पान तिने उलटले. तांडेल आणि वैदू पुढे सरकून बसले. तिने करवंटी हलविली व त्याच्यासमोर धरली.

"अठरा हवेत," ती म्हणाली. "या वेळी तूच काढ."