वाढदिवस कोणत्या वारी? अयुथयात शिकलेला एक धडा



२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझी लेक पाठीवर सॅक टाकून थायलंडला गेलो होतो. ९ नोव्हेंबरला तिला चौदा वर्षं पूर्ण होणार होती. पण त्याच वर्षी तिची आजी गेली. दरवर्षी औक्षण करणारी आजीच नाही, म्हणून "या वेळी घरी वाढदिवस नको" असं तिनं आधीच सांगितलं होतं.

आदल्या दिवशी आम्ही बँकॉकहून रेल्वेने अयुथयाला पोचलो. अंतर सुमारे ८० किलोमीटर. हे शहर १३५१ मध्ये वसलं. नाव अयोध्येवरून घेतलेलं. चारशेहून अधिक वर्षं ही सयामची राजधानी होती. १७६७ मध्ये बर्मी सैन्याने ती उद्ध्वस्त केली. १९९१ पासून तिथले अवशेष जागतिक वारसा यादीत आहेत.

मुक्कामाच्या घरमालकीण बाईंनी पासपोर्टवरची तारीख पाहून विचारलं, "मुलीचा जन्म कोणत्या वारचा?" आम्ही दोघी गप्प! तारीख पाठ, वार कुणाला आठवतोय? तिथे मात्र जन्मवाराला मोठं महत्त्व. प्रत्येक वाराचा एक रंग आणि बुद्धाची एक मुद्रा ठरलेली असते.

लेकीने वही काढली. साधं वर्ष गेलं की वार एकाने पुढे सरकतो, मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोनाने. चौदा वर्षांचे १४; २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ या लीप वर्षांचे ४. एकूण १८. सातने भागून बाकी ४. उद्या शनिवार, चार वार मागे गेलं की मंगळवार! मंगळवारचा रंग गुलाबी आणि मुद्रा पहुडलेल्या बुद्धाची.

पहाटे बाईंनी तिच्या हातून भिक्खूंच्या पात्रात भात वाढवला. केक नाही, मेणबत्त्या नाहीत. तिथे वाढदिवसाला आधी दान करतात. भिक्खू आशीर्वाद म्हणत असताना भांड्यात हळूहळू पाणी ओतून ते पुण्य गेलेल्या माणसाला अर्पण करता येतं. लेकीने पाणी ओतलं. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

नंतर सायकलने वाट लोकयसुथारामला गेलो. उघड्या आकाशाखाली पहुडलेली बुद्धाची प्रचंड मूर्ती. तिथे बसल्यावर ती म्हणाली, "आई, आजीचा वार कोणता गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजीच्या दाखल्यावर १ जून होता. तो गुरुजींनी अंदाजाने टाकलेला. सगळ्यांना ओवाळणाऱ्या आजीला कुणी कधी ओवाळलंच नव्हतं.

वर्गासाठी उपक्रम :
१. प्रत्येकाने आपला जन्मवार वरील रीतीने काढावा, मग जुन्या कॅलेंडरवर ताडून पाहावा.
२. थाई वार वाचावेत : आथित, चान, आंगखान, फुत, फरुहत, सुक, साव. आदित्य, चंद्र, अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र, शनी यांच्याशी जोड्या लावाव्यात.
३. घरातल्या आजी-आजोबांना त्यांच्या जन्माची आठवण विचारावी. तारीख नसेल तर सण, पाऊस, सुगी, जे सांगतील ते लिहून घ्यावं.

तिसरा उपक्रम याच आठवड्यात घ्या. आम्हाला उशीर झाला.