आपल्या जंगलातील अस्वल आणि त्याचे सात भाऊबंद



खानापूर भागातील मुलांना अस्वल सांगावे लागत नाही. भीमगडचे रान २०११ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले, पण अस्वले तिथे त्याआधीपासूनच आहेत. बेळगाव-निपाणीच्या मुलांनी मात्र ते चित्रातच पाहिलेले असते, आणि ते चित्रही बहुधा परदेशी अस्वलाचे असते. पालकांना दरवेशी आठवत असेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या अस्वलाला संरक्षण दिले. दरवेशांकडून सोडविलेल्या अस्वलांसाठी बंगळूरजवळ बन्नेरघट्टा येथे केंद्र आहे.

आज जगात अस्वलाच्या आठ जाती आहेत. त्यांतील चार भारतात आढळतात : हिमालयातील तपकिरी व काळे अस्वल, ईशान्येकडील छोटे सूर्य अस्वल आणि आपले हे देशी अस्वल. बाकीच्या चार म्हणजे ध्रुवीय अस्वल, अमेरिकन काळे अस्वल, दक्षिण अमेरिकेतील चष्मेवाले अस्वल आणि चीनचा पांडा. पांडा हे अस्वलच की दुसरे काही, यावर शास्त्रज्ञ बरीच वर्षे वाद घालत होते. डीएनए तपासल्यावर तो अस्वलच ठरला. त्याची शाखा मूळ घराण्यातून सर्वांत आधी, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. त्यानंतर चष्मेवाले अस्वल वेगळे झाले आणि उरलेल्या सहा जाती त्यामानाने अलीकडच्या.

घराणे एक, पण ताट प्रत्येकाचे निराळे. ध्रुवीय अस्वल सील मारून खाते, पांडा बांबूवर जगतो, आणि आपले अस्वल मुख्यतः वाळवी व मुंग्या खाते. फळे आणि मधही त्याला आवडतात. वारूळ फोडायला लांब वाकडी नखे आहेतच, पण खरी गंमत तोंडात आहे. त्याला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते आधी फुंकर मारून माती उडवते आणि मग वाळवी ओढून घेते. तेवढा वेळ नाकपुड्या मिटून घेते. हा आवाज रानात लांबवर ऐकू येतो.

या दातांनी आणि नखांनी एका विद्वानाला चकविले. जॉर्ज शॉ यांनी १७९१ साली याला झाडावर लोंबकळणाऱ्या स्लॉथ या आळशी प्राण्याच्या गटात घातले. ते अस्वल आहे हे पुढे कळले, तरी इंग्रजीत ‘स्लॉथ बेअर’ हे नाव राहून गेले. आळशीपणाचा आरोप मला तरी अन्यायाचा वाटतो. रात्रभर कठीण वारुळे खणणारा प्राणी आळशी कसा?

आता रानवाटेने ये-जा करणाऱ्या मुलांसाठी. या अस्वलाचे नाक तीक्ष्ण, पण नजर अधू. खणण्यात गुंग असले की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. मग ते दचकते आणि पळण्याऐवजी अंगावर येते. वाघ-बिबट्यांच्या रानात राहणाऱ्या या जातीचा तो स्वभावच आहे. झाडावर चढून सुटका होईल असे समजू नका, त्यालाही चढता येते. म्हणून पहाटे व तिन्हीसांजेला एकट्याने जाऊ नये. चारचौघांनी मोठ्याने बोलत जावे. पाठीवर पिल्ले घेतलेली मादी दिसली तर आल्या वाटेने हळूच मागे फिरावे.

संस्कृतात अस्वलाला ऋक्ष म्हणतात, हिंदीत भालू किंवा रीछ आणि कन्नडमध्ये करडी. तुमच्या गावात आणखी कोणते नाव असेल तर घरी आजी-आजोबांना विचारून वर्गशिक्षकांकडे लिहून द्यावे.

— मुख्याध्यापक