डेव्हलपरला सगळ्या किल्ल्या देऊ नका

व्हिडिओतल्या स्टेप्स इथे थोडक्यात देतोय.

बाहेरगावच्या डेव्हलपरला काम एका फोल्डरमध्ये करायचं असतं आणि आपण सीपॅनेलचा मुख्य पासवर्डच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. मग ईमेल, डेटाबेस, बॅकअप सगळंच त्याच्या हातात जातं. त्याऐवजी असं करा:

१. सीपॅनेलमधल्या ‘एफटीपी अकाउंट्स’मध्ये त्याच्यासाठी वेगळं अकाउंट उघडा.
२. ‘डिरेक्टरी’च्या रकान्यात फक्त त्याचा फोल्डर लिहा. तिथे नुसतं ‘पब्लिक एचटीएमएल’ ठेवलंत तर मुख्य साइट पूर्ण उघडी पडते. वर्डप्रेस असेल तर कॉन्फिग फाइलमधला डेटाबेसचा पासवर्डही त्याला दिसतो.
३. त्याच अकाउंटने आधी स्वतः लॉगिन करून बघा.
४. काम संपलं की अकाउंट डिलीट करा. पण फाइल्ससकट नको, नाहीतर झालेलं कामही जाईल.

आता महत्त्वाचं. हे कुलूप फक्त एफटीपीला आहे. बहुतेक शेअर्ड होस्टिंगवर त्याने टाकलेला पीएचपी कोड तुमच्याच युजरच्या अधिकाराने चालतो, त्यामुळे तो कोड शेजारचे फोल्डरही वाचू शकतो. माणूस नवखा असेल तर त्याला वेगळ्या होस्टिंगवर काम करू द्या. फाइल्स तपासून मगच आपल्या साइटवर घ्या.

तुमच्या साइटचा पासवर्ड आत्ता कोणाकोणाकडे आहे? आजच यादी करा आणि तो बदला.