कासवाची पाठ मऊ का पडते?

मुलांच्या हट्टापायी घरात लहान कासव येते. कानामागे लाल पट्टा असलेले हे कासव मूळचे अमेरिकेतले. काही महिन्यांत त्याची पाठ मऊ पडते, पाय लटपटतात. कारण तेच, जे लेकरांच्या मुडदुसाचे : ऊन नाही, कॅल्शियम नाही.

काचेतून आलेले ऊन उपयोगाचे नाही; हाडे घट्ट करणारे किरण काच अडवते. रोज सकाळी त्याला उघड्यावर ठेवा, अर्धी जागा सावलीची असू द्या. सोलापूरचे दुपारचे ऊन त्याचा जीव घेईल. नुसता भात नको. बारीक मासे काट्यासकट, थोडा हिरवा पाला आणि उकळून वाळवलेल्या अंड्याच्या टरफलाची पूड द्या. पालक टाळा, त्यातले आम्ल कॅल्शियम अडवते.

धडधाकट कासवाच्या अंगावरही जुलाब-तापाचे जंतू असतात. म्हणूनच अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवे विकायला बंदी आहे. पाच वर्षांखालील मुलांच्या हाती ते देऊ नका. हाताळल्यावर साबणाने हात धुवा; त्याचे पाणी भांड्यांच्या मोरीत ओतू नका.

नकोसे झाले म्हणून सिद्धेश्वर तलावात सोडू नका. ते आपल्याकडच्या कासवांचे अन्न व जागा बळकावते. आणि पाठीवर चांदण्या असलेले आपले कासव तर पाळूच नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. सापडल्यास वनविभागाला १९२६ वर कळवा.